घंटी आणू का रिकामा येऊ?

आमच्या पाटण भागात लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा असला तर अक्षता एक वाजून दहा मिनिटांनी पडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मधला वेळ शुभाशीर्वादांचा. आजी पदाधिकारी, माजी पदाधिकारी, पुढच्या निवडणुकीत होऊ घातलेले पदाधिकारी, असे एकेक जण माइक हातात घेतात, "मी दोनच शब्द बोलणार आहे" असं सांगतात आणि गावच्या गटारापासून दिल्लीपर्यंत जाऊन येतात. नवरा-नवरी मुंडावळ्यांखाली घामानं निथळत असतात, तिकडे भात गार होत असतो. पण माइक धरलेल्या माणसाला 'पुरे' म्हणायची छाती कुणाची होत नाही.

आमच्या सरांची झाली.

सर आधी लष्करात जवानांना शिकवायचे. तिथून निवृत्त होऊन आमच्या शाळेत मराठीचे मास्तर म्हणून आले, पण त्यांचा सगळा जीव वादविवाद स्पर्धेत. त्यांच्याकडे हिरव्या कॅनव्हासची एक पिशवी असायची आणि तिच्यात तीन गोष्टी कायमच्या: वर्तमानपत्र, भाजक्या शेंगांची पुडी आणि घंटी. स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर असते ती, वरून तळहातानं दाबायची. स्पर्धा असो वा नसो, घंटी पिशवीत असायचीच. पोस्टात, दवाखान्यात, पारावर, कुणी लांबण लावली की सर पिशवीत हात घालत. गावानं त्यांचं नाव टण्णमास्तर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

तर मल्हारपेठला एका लग्नात एक माजी सभापती बोलत होते. मुहूर्ताला चार मिनिटं उरली होती आणि साहेब अजून पाणीपुरवठा योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात होते. पहिल्या रांगेतून 'टण्ण' आवाज आला. साहेबांना वाटलं, देवळात कुणीतरी घंटा वाजवली. ते बोलत राहिले. मग दोनदा 'टण्ण, टण्ण'. सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "सायेब, वेळ संपली. बसा."

कुणाला काय करावं कळेना. तेवढ्यात अंतरपाटामागून नवरी फिस्सकन हसली आणि तिच्या पाठोपाठ सगळा मांडव. साहेब बसले. त्या दिवशी आमच्या भागात बहुधा पहिल्यांदाच अक्षता वेळेवर पडल्या.

त्यानंतर लोक सरांना मुद्दाम बोलवायला लागले. कुणी पत्रिका घेऊन आला की सर चष्मा लावून मुहूर्त वाचत आणि एकच विचारत, "घंटी आणू का रिकामा येऊ?" घंटी आणा म्हटलं की त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत. रिकामे या म्हटलं की ते मागं बसायचे, जेवायचे आणि गुपचूप निघून जायचे. मात्र स्वतः त्यांनी कुठल्याच लग्नात माइक धरला नाही. फारच आग्रह झाला तर म्हणायचे, "दोन मिनिटांत बसंल आसं सांगन्यासारखं मला अजून सापडलं न्हाई."

मी त्यांच्या हाताखाली आठवीत आले. बोलभांड होते, त्यामुळे मला निवडायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. बाजू कुठली घ्यायची ते चिठ्ठीवर ठरायचं. चिठ्ठी उघडेपर्यंत मन रिकामं ठेवायचं आणि उघडल्यावर त्या बाजूसाठी जीव काढायचा. शहरातल्या शाळांमधली पोरं घोटून घोटून शुद्ध बोलायची. आम्ही घाबरलो की सर म्हणायचे, "घरात बोलता तसं बोला. शुद्ध बोलाय गेलं की खोटं बोलाय सोपं जातंय." त्यापायी आमचे गुण कापले जायचे ते वेगळंच.

एकदा सराव चालू असताना कोयनेचा धक्का बसला. आमच्याकडे ते नेहमीचंच, पण हा जरा मोठा होता. कपाटाची काच खडखडली आणि आम्ही वाट मिळेल तसं मैदानात पळालो. सगळ्यांच्या मागून सर आले, सावकाश, घड्याळाकडे बघत. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुजी वीस सेकंद राह्यल्यात. बोल." मी धापा टाकत टाकत मैदानात माझा समारोप केला. तो बराच चांगला झाला होता, असं मला अजून वाटतं.

पण सरांची खरी मेख होती परतीच्या एसटीत. साताऱ्याहून स्पर्धा करून येताना उंब्रजचा फाटा मागं पडला, गाडी पाटणच्या रस्त्याला लागली, की सर मांडीवर घंटी ठेवायचे. चिठ्ठीवरची बाजू फाट्यावर उतरली, आता स्वतःची सांगायची. एकानं एकच वाक्य. त्यावर कुणी हसायचं नाही, वाद घालायचा नाही, पाटण येईपर्यंत त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. एकदा विषय होता शेती की नोकरी. स्टेजवर शेतीसाठी टाळ्या घेतलेला आमचा एक गडी त्या एसटीत म्हणाला, "मला शेती करायची न्हाई आन मी ते आबांना सांगू शकत न्हाई."

माझी पाळी आली की मी काहीतरी विनोद करायची. पोरं नियम मोडून हसायची. सर रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "तुजं राह्यलं." त्या एसटीत मी आठवी ते दहावी तीन वर्षं बसले आणि तीन वर्षं माझं राहिलंच.

पुढं त्याच विनोदांवर माझं पोट चाललं. मी एका वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमाची लेखिका झाले. रविवारी संध्याकाळी दोन विनोदवीर एखाद्या विषयावर भांडतात आणि शेवटी समोर बसलेले प्रेक्षक हात वर करून निकाल देतात, असा तो कार्यक्रम. एकाला मी लिहून द्यायची, दुसऱ्याला माझा एक सहकारी. बाजू चिठ्ठीवर ठरवायची ही पद्धत तिथं मीच घुसवली होती.

सर कोयनानगरला पुतण्याकडे राहायला गेले होते. दर रविवारी ते टीव्हीसमोर घंटी घेऊन बसायचे आणि सोमवारी सकाळी मला फोन करायचे. त्यांनी विनोदवीरांच्या सगळ्या खोड्यांना नावं ठेवली होती. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून त्यालाच झोडपणं, हे 'बुजगावणं'. "शेतात बुजगावणं उभं करायचं, त्याला शेजाऱ्याचा सदरा घालायचा आन काठीनं हानायचं. शेजारी घरात च्या पितोय!" आज हे केलंत तर उद्या ते होईल, परवा जग बुडेल, असं सांगत सुटणं, हा 'कुंभार्ली घाट'. "घाटात गाडी घातली म्हंजी दरीतच जानार का? ब्रेक आसतोय की गाडीला." मुद्दा संपला की पुरुषाला साडी नेसवून आणणं, याला ते नुसतं 'साडी' म्हणायचे. आणि प्रश्नाला उत्तर न देता हशा घेऊन निसटणं, ही 'बगल'. बगलेवर त्यांचा सगळ्यात राग. "हशा हे उत्तर न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा तरी ऐकलं असेल. स्वतः ते टीव्हीपुढं कधी हसायचे नाहीत. म्हणायचे, "परीक्षक हसला की निकाल फुटला."

मी फोनवर हो हो म्हणायची आणि मंगळवारी बसून पुन्हा बुजगावणं उभं करायची. खोडी ओळखता आली की करायला काय लागतं?

एव्हाना मी साताऱ्यात वैजूबरोबर राहत होते. वैजू जतकडची. तिच्या आज्याची मेंढरं होती आणि ही एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनियर. मितभाषी, करड्या शिस्तीची आणि माझ्या विनोदांना पाचात एकदा हसणारी. आम्हाला एकत्र पाच वर्षं झाली होती. शेजारी आम्हाला रूममेट समजायचे, आई मैत्रीण समजायची. मी कुणाचीच समजूत दुरुस्त करत नव्हते. वैजूनं तिच्या बहिणीला सांगून टाकलं होतं. माझ्या पाळीची ती वाट बघत होती.

मग माझं अपेंडिक्स सुजलं. वैजूनं मला रिक्षातून दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या कागदावर सही हवी होती. "तुम्ही पेशंटच्या कोण?" असं तिला विचारलं. ती म्हणाली, "मैत्रीण." मग नातेवाइकाला बोलवा म्हणाले. पाटणहून आई येईपर्यंत मी पोट धरून कण्हत पडले होते आणि वैजू हातात पेन घेऊन बाकावर बसली होती.

त्याच सुमारास दिल्लीच्या मोठ्या कोर्टात समलिंगी लग्नाचा खटला चालू होता. जिकडे तिकडे तीच चर्चा, म्हणून आमच्या कार्यक्रमालाही विषय ठरला: दोन बायकांनी किंवा दोन बाप्यांनी लग्न करावं का? चिठ्ठी टाकली. सहकाऱ्याला 'हो' आलं, मला 'नाही'.

मी 'मला जमणार नाही' म्हणू शकले असते. पण तसं म्हटलं असतं तर 'का' असं कुणीतरी विचारलं असतं. मग मी लिहायला बसले आणि सरांनी नावं ठेवलेली एकेक खोडी पोतडीतून काढली. आमच्या विनोदवीराला नऊवारी नेसवून आणलं, साडी झाली. "हे लोक म्हणतात, आता सगळ्यांनीच असं करा" हे बुजगावणं झालं. आज बाप्याला हार घालताय, उद्या म्हशीला घालाल, हा घाट झाला. समोरच्या विनोदवीरानं मात्र शेवटी अगदी सरळ विचारलं, "ते राहू दे. यांच्यातलं एक आजारी पडलं, तर दवाखान्यात सही कोण करणार?" हा प्रश्न माझ्या सहकाऱ्याला मीच दिला होता. चहा पिता पिता, कुणा ओळखीच्यांची गोष्ट म्हणून. आणि त्याचं उत्तरही मीच लिहून ठेवलं होतं. आमचा गडी साडीचा पदर खोचून म्हणाला, "सही सोड! आधी सांग, चपात्या कोण करणार?"

स्टुडिओ फुटला. कॅमेरावालाही हसला. 'नाही'च्या बाजूनं एवढे हात वर झाले की मोजायची गरज पडली नाही.

रविवारी आईचा फोन आला. "लय हसलो गं आमी! त्यो साडीतला लयच झ्याक." वैजू बाजूला बसून बघत होती. चपातीच्या वाक्याला तीही हसली, हे मी पाहिलं. मग तिचं हसू तोंडावरच थांबलं. कार्यक्रम संपल्यावर तिनं टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "चपात्या मीच करते. सही तेवढी करता आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून सांगलीला बहिणीकडे निघाली. भांडली नाही. दारात म्हणाली, "तुला जमलं की फोन कर. नाही जमलं तरी कर, म्हंजे मी बाकीचं सामान नेईन." वैजू फुकाच्या धमक्या देत नाही.

ती गेली आणि तासाभरात सरांचा सोमवारचा फोन. मी "नमस्कार सर" म्हटलं. पलीकडून नमस्कार नाही, गुण नाहीत, काही नाही. नुसती घंटी वाजली, एकदाच. मग सर म्हणाले, "बुधवारी मिलिटरी कॅन्टीनला साताऱ्याला येतोय. परत जाताना एस्टीत माज्यासंगं बस. तुजं राह्यलंय."

बुधवारी सातारा स्टँडवर सर भेटले. एका हातात कॅन्टीनचं सामान, खांद्याला तीच हिरवी पिशवी. गाडीत बसलो. वयामुळे सरांचं तिकीट फुकट, बाई म्हणून माझं अर्धं. "दोघांत मिळून अर्धा पॅसेंजर," मी कंडक्टरला म्हटलं. तो हसला, सर हसले नाहीत. उंब्रजपर्यंत त्यांनी मला साखरेचा भाव, पुतण्याचा गुडघा आणि धरणाचं पाणी एवढंच सांगितलं. फाटा ओलांडला. सरांनी पिशवीतून घंटी काढून मांडीवर ठेवली.

"बोल. एक वाक्य."

"सर, मी आता चाळिशीला आले, माझ्या बाजूला चरबीशिवाय—"

टण्ण.

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागं वळून पाहिलं. कंडक्टरनंही पाहिलं, त्याला वाटलं कुणाला तरी उतरायचंय.

"बरं. सर, माझं असं मत आहे, की समाजानं या प्रश्नाकडे—"

टण्ण.

"शुद्ध बोलाय लागलीस," सर म्हणाले. "घरात बोलती तसं बोल."

मी खिडकीबाहेर बघितलं. ऊस, ऊस आणि ऊस. डोळ्यांपुढं ती बाकावर पेन धरून बसलेली वैजू. मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं आणि सवयीनं त्यावरही एक विनोद सुचत होता. सरांचा तळहात घंटीच्या वर तसाच थांबलेला.

"मला वैजूसंगं लगीन करायचंय," मी म्हटलं.

घंटी वाजली नाही.

पुढच्या बाईंना राहवलं नाही. "वैजू कोन गं?"

"जतची हाय. इंजिनेर हाय." आता कशाला ठेवायचं? "पोरगी हाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि पुढं तोंड केलं. मल्हारपेठला उतरताना मात्र सरांना म्हणाल्या, "मास्तर, पोरांस्नी काय काय बोलाय लावताय वो तुमी!" सरांनी पुडी सोडून माझ्यापुढं शेंगा धरल्या. आम्ही पाटणपर्यंत शेंगा खाल्ल्या.

पाटणच्या स्टँडवर मी उतरले. सरांची गाडी पुढं कोयनानगरला जायची होती. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पत्रिका हातात असल्यासारखं विचारलं, "घंटी आणू का रिकामा येऊ?"

मी स्टँडवरूनच सांगलीला फोन लावला. मग घरी जाऊन आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "सरांना ठावं हाय?" मी हो म्हटलं. "म्हंजी मास्तरला आधी आन आईला मागनं?" यावरून ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मुख्य गोष्टीवरून किती दिवस बोलली नसती, हे त्यामुळे कळायचं राहून गेलं.

कोर्टाचा निकाल लागला. असं लग्न मान्य करायचं काम आमचं नाही, कायदा करणाऱ्यांनी बघावं, असं कोर्ट म्हणालं. वैजू म्हणाली, "त्यांचं बघतील तवा बघतील, आपण हार आणू." मग साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी सकाळी बारा-तेरा माणसं जमली. वैजूची बहीण आली. आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली आणि कुणाच्या नजरेला नजर न देता पोळ्या मोजत बसली. पदाधिकारी एकही नव्हता. तरी सर घंटी घेऊन आले होते.

बारा पस्तीसला, एक सेकंदही इकडे तिकडे न करता, आम्ही एकमेकींना हार घातले. लोक टाळ्या वाजवून जेवायच्या तयारीला लागले, आणि सर उभे राहिले. त्यांनी घंटी वैजूच्या हातात दिली.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "झाली की वाजीव. मुलाहिजा करू नगंस."

ज्या माणसानं साऱ्या तालुक्याला खाली बसवलं, त्याला पहिल्यांदाच लग्नात बोलताना मी ऐकत होते.

"मी परीक्षक मानूस. मला बाजू नसती. आन ह्यातलं मला लय कळतंय आसंबी न्हाई. पर ह्या पोरीनं टीव्हीवर त्यो चपातीचा विनोद लिवला, तवा मी हसलो. खुर्चीत मागं पडून हसलो. पुतन्या बगाय आला, मास्तरला काय झालं म्हून. हसून झालं, डोळं पुसलं, आन मग ध्यानात आलं की कुनीतरी कायतरी विचारलं हुतं. दवाखान्यात सही कोन करनार, आसं विचारलं हुतं. त्याचं उत्तर आलंच न्हाई. आन मला कळलंबी न्हाई, उत्तर आलं न्हाई म्हून. जलमभर पोरांस्नी हेच शिकवत आलो मी." ते माझ्याकडे वळले. "सोमवारी फोनवर घंटी वाजली ती तुला न्हवती, पोरी. ती मला हुती."

आईचे हात पोळ्यांच्या डब्यावर थांबले होते. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती, हे सरांच्याही लक्षात आलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि गोंधळून वैजूकडे पाहिलं.

"टाइम झाला का गं?"

वैजूनं घंटी एका तळहातावर धरली होती, वरून दुसरा हात झाकून, आवाज फुटू नये म्हणून.

"न्हाई सर," ती म्हणाली. "बोला तुमी."